टोपोलिनोचं टप : पनवेलच्या शेडमधली गाडी आणि ‘ओरिजिनल’चा प्रश्न

(पॉडकास्टच्या या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आजचा भाग एका गाडीवर आहे. गाडी एवढी छोटी की पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, हे लहान मुलांच्या जत्रेतलं काहीतरी असावं. लांबी साधारण सव्वातीन मीटर. पुढे दोन माणसं, मागे एक बॅग किंवा दोन पोरं. दारं उलटी उघडणारी, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. आणि डोक्यावर पत्रा नाही, कापड. ते मागे गुंडाळलं की आकाश मोकळं.

ही गाडी आहे पनवेलला, आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या शेडमध्ये. फियाट ५००, जिला जग ‘टोपोलिनो’ म्हणतं. काकांच्या वडिलांनी ती साठच्या दशकात जुनी विकत घेतली. पुढे बरीच वर्षं ती बंद पडून होती. काकांनी रिटायर झाल्यावर पाच-सहा वर्षं खपून ती चालती केली. पत्र्याचं काम, लांबी भरणं, रंग, ब्रेक, सगळं. नंबर अजून तोच, ‘बीएम’नं सुरू होणारा जुना मुंबईचा.

मागच्या दिवाळीनंतर एक दलाल आला. संग्राहकांसाठी जुन्या गाड्या शोधणारा. त्यानं गाडी फिरून बघितली, खाली वाकून बघितली, आणि म्हणाला, “काका, गाडी छान आहे. पण हे टप बदला. हे तर ताडपत्रीवाल्यानं शिवलंय. सीटचं कापडही इथलं. इटलीहून सगळं ओरिजिनल मागवा, मग बघा किंमत कुठे जाते.”

काकांनी मला फोन करून विचारलं, “तू इतिहासाचं बोलतोस ना? मग सांग, या गाडीत ओरिजिनल काय आहे?”

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर शोधताना मी तुरिनपासून कुर्ल्यापर्यंत आणि तिथून इचलकरंजीपर्यंत जाऊन आलो. तोच प्रवास आज तुम्हाला सांगतो.

उंदराचं पिल्लू

सुरुवात इटलीतून करू. १९३० च्या दशकात तिथे मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी करायची, हे काम फियाटमध्ये आलं दांते जाकोसा नावाच्या तरुण इंजिनिअरकडे. १९३६ च्या जूनमध्ये गाडी बाजारात आली तेव्हा तो होता फक्त ३१ वर्षांचा.

नाव ‘५००’, पण इंजिन खरं तर ५६९ सीसीचं. ताकद १३ हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या दीडशे सीसी मोटरसायकलएवढी. मग यात विशेष काय? विशेष हे, की त्या काळातल्या बऱ्याच स्वस्त गाड्या म्हणजे मोटरसायकलला चार चाकं आणि एक पेटारा लावल्यासारख्या असत. जाकोसानं तसं केलं नाही. त्यानं खरीखुरी मोटार लहान केली. चार सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं इंजिन, चार गिअर, हायड्रॉलिक ब्रेक. मोठ्या गाडीत असतं ते सगळं, फक्त आकार छोटा.

जागा वाचवायला त्यानं इंजिन पार पुढे, पुढच्या चाकांच्याही पुढे ढकललं, आणि रेडिएटर त्याच्या मागे, उंचावर बसवला. मूळ रचनेत पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर जातं, थंड झालं की खाली उतरतं, एवढ्या साध्या नियमावर काम चालायचं. पंप नाही म्हणजे खर्च कमी, आणि बिघडायला एक वस्तू कमी.

इटालियन लोकांनी तिला ‘टोपोलिनो’ म्हटलं. म्हणजे छोटा उंदीर. मिकी माऊसचं इटालियन नावही हेच. १९४८ मध्ये सुधारून इंजिनाची ताकद साडेसोळा हॉर्सपॉवर झाली, १९४९ मध्ये तोंडवळा बदलला, आणि १९५५ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

आता टपाबद्दल. ‘कन्व्हर्टिबल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला हीरो येतो. टोपोलिनोचं टप तसं नव्हे. दारांच्या आणि खिडक्यांच्या चौकटी जागच्या जागीच राहतात, फक्त डोक्यावरचं कापड काचेपासून मागे गुंडाळलं जातं. चिमुकल्या गाडीत श्वास घ्यायला जागा मिळते, एवढंच.

संग्राहकांच्या जगात आज अशा गाड्यांचा एक वेगळा कप्पा आहे, ‘मायक्रोकार’. व्याख्या जागोजागी बदलते, पण बरेच जण ७०० सीसीपर्यंतचं इंजिन आणि जास्तीत जास्त दोन दारं असा हिशेब धरतात. त्या हिशेबात आपली टोपोलिनो बसते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पैसा नव्हता, १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर पेट्रोलही मिळेना, आणि इसेट्टा, मेसरश्मिटसारख्या बुडबुड्यासारख्या गाड्यांची लाट आली. तेव्हा ती गरिबी होती. आज लिलावात त्याच गाड्यांना श्रीमंतांची बोली लागते.

कुर्ल्याचा कारखाना

मग हा इटलीचा उंदीर मुंबईला आला कसा?

त्यासाठी एका सोलापूरकराला भेटावं लागेल. वालचंद हिराचंद. जन्म १८८२, सोलापूर. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम, जिथे इंग्रजांचा हात घट्ट होता तिथे तिथे शिरलेला माणूस. मोटार कारखान्याची योजना त्याआधी सर विश्वेश्वरय्यांनी मांडली होती. तेच विश्वेश्वरय्या, ज्यांनी पुण्यात इंजिनिअरिंग शिकून खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९३० च्या दशकात त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने फिरून पाहिले आणि हिशेब मांडला, की मोटारी इथे बनू शकतात. वालचंदांनी ती कल्पना उचलून धरली. १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला. पण युद्धाच्या काळात परक्या सरकारला हिंदुस्थानी मोटार कारखाना नको होता.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी स्थापन झाली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पहिल्या गाड्या अमेरिकन होत्या, मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या. मग फियाटशी करार झाला आणि १९५१ च्या सुमारास कुर्ल्यात छोटी फियाट ५०० जुळू लागली.

‘जुळू लागली’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय बरं का. भाग पेट्यांमधून बोटीनं यायचे आणि कुर्ल्याचे कामगार ते जोडायचे. म्हणजे आराखडा तुरिनचा आणि जोडणारे हात कुर्ल्याचे. अशा गाडीला ‘ओरिजिनल इटालियन’ म्हणायचं की नाही? काकांचा प्रश्न इथेच गुंतागुंतीचा व्हायला लागतो.

पुढे काय झालं? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं ठरवलं, की नुसतं जोडकाम चालणार नाही. जे हळूहळू भाग इथेच बनवतील त्यांनीच राहावं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. प्रीमियर टिकली. पण भाग इथे बनवायचे तर एकाच मॉडेलवर जोर द्यायला हवा, आणि देशात गाड्या विकल्या जायच्या त्याही मोजक्याच. १९५४ मध्ये फियाट ११०० आली. पुढून डुकराच्या तोंडासारखी दिसते म्हणून तिला मुंबईनं ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. तिच्यात अख्खं कुटुंब बसायचं. पुढे तिच्याच वंशात पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी झाली.

दोन सीटचा उंदीर मागे पडला. वालचंद ते बघायला नव्हते. एप्रिल १९५३ मध्ये ते गेले.

घाटाच्या पायथ्याशी

आता पनवेल. ही गाडी पनवेलला रुळली हा योगायोग नाही, असं मला वाटतं.

पनवेल हे मुळात बंदर. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून होडीनं पनवेलला उतरायचं, तिथून घाट चढून पुण्याला जायचं, हा ठरलेला मार्ग झाला. १८५२ मध्येच इथे नगरपालिका आली. मोटारी आल्यावरही पनवेलचं महत्त्व तसंच राहिलं. वाशीचा खाडीपूल झाला १९७३ मध्ये. त्याआधी मुंबईहून मोटारीनं यायचं म्हणजे ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा घालून पनवेल. इथे चहा, पाणी, टायरमधली हवा. मग पळस्पे, चौक, खोपोली आणि समोर घाट.

काका सांगतात, त्यांचे वडील खोपोलीला थांबून बॉनेट उघडायचे. रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, एक डबा सीटमागे ठेवायचा, आणि मग चढायला लागायचं. अर्ध्यावर शिंगरोबाच्या देवळाशी थांबायचंच. देवाला नाणं टाकायचं, आणि इंजिनाला विश्रांतीही द्यायची. “आई म्हणायची, देवाचं नाव पुढे करून गाडीचे लाड चाललेत,” काका हसत सांगतात.

आता आठवा, या इंजिनात पंप नव्हता. पाणी स्वतःहून फिरतं तेव्हा चढावर, उन्हात, भरलेल्या गाडीत ते लवकर उकळतं. इटलीतही घाट आहेत, पण मे महिन्यातला खोपोलीचा उकाडा जाकोसाच्या डोळ्यांसमोर नसावा. म्हणून काकांच्या गाडीवर घाटाच्या खुणा आहेत. बॉनेटच्या बाजूला हवा जायला पाडलेल्या जादा फटी. सीटमागे पाण्याचा डबा अडकवायची लोखंडी पट्टी. यातलं काहीच तुरिनच्या आराखड्यात नाही.

आणि टप? मूळ कापड इथल्या पावसात किती टिकणार! चार महिने धो धो, वर खाडीचा खारा वारा. ते फाटल्यावर वडिलांनी बाजारातल्या ताडपत्रीवाल्याकडून नवं शिवून घेतलं. ट्रकवर आणि भाताच्या खळ्यावर घालायची तीच जाड ताडपत्री. काकांनी गाडी दुरुस्त करताना सगळं बदललं, पण ते टप काढलं नाही. धुतलं, मेण लावलं, दोन जागी ठिगळ दिलं आणि परत चढवलं.

दलालाला नेमकं तेच खुपत होतं.

ज्या गाडीला कारखानाच मिळाला नाही

इथे थोडं थांबून मला दुसऱ्या एका छोट्या गाडीकडे जायचंय. कारण तिच्याशिवाय ‘ओरिजिनल’ची गोष्ट अर्धी राहील.

कुर्ल्यात परदेशी गाड्या जुळत होत्या त्याच काळात इचलकरंजीत शंकरराव कुळकर्णी नावाचे गृहस्थ स्वतःची गाडी बनवत होते. परवाना नाही, करार नाही, परदेशी आराखडा नाही. चाळीसच्या दशकात त्यांनी पहिली छोटी गाडी तयार केली, आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या केल्या. नाव ‘मीरा’. इंजिन मागे, छोटं, दोन सिलिंडरचं. स्प्रिंगांच्या ऐवजी रबर वापरून धक्के शोषायची युक्ती. किंमत बारा हजारांच्या आसपास बसेल असा हिशेब.

इचलकरंजी म्हणजे मागांचं गाव. तिथे आणि कोल्हापूरला लेथ, ओतकाम, इंजिन दुरुस्ती घरोघरी मुरलेली. त्या मातीत अशी गाडी निघणं स्वाभाविक होतं. पण एक गाडी बनवणं वेगळं आणि कारखाना काढणं वेगळं. परवान्यांच्या त्या जमान्यात मीरा कारखान्यापर्यंत पोचलीच नाही.

गंमत बघा. त्याच काळात दिल्लीत ‘जनतेची छोटी गाडी’ यावर समित्या बसत होत्या. १९६० मध्ये एल. के. झा समितीनं स्वस्त गाडी हवी असं सांगितलं. चर्चा चालू राहिली. प्रत्यक्षात मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली १४ डिसेंबर १९८३ ला, आणि तिच्यामागे जपानची सुझुकी होती. पुढे पुण्यात घडलेली नॅनो २००९ मध्ये आली. नॅनोची लांबी ३.१ मीटर, इंजिन ६२४ सीसी. टोपोलिनोच्या मापांशेजारी ठेवून बघा, जवळजवळ भावंडं वाटतात. मधे ७३ वर्षं गेली!

म्हणून मला वाटतं, की टोपोलिनो ही आपल्याकडे नुसती गोंडस जुनी गाडी नाही. साध्या माणसाची छोटी गाडी हे स्वप्न आपल्याकडे किती लवकर आलं होतं, याची ती साक्ष आहे. वालचंदांनी ते बाहेरून आणून इथे जुळवलं. कुळकर्ण्यांनी ते इथेच घडवून पाहिलं. दोन्ही वाटा तेव्हा अर्ध्यावर थांबल्या.

मग ओरिजिनल काय?

आता काकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. मी दोन कागद शोधून काढले.

पहिला आपल्या सरकारचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली, अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे काकांचा ‘बीएम’ नंबर सुरक्षित. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. यात गाडीचा सांगाडा, शरीर आणि इंजिन याला महत्त्व आहे. टप कुणी शिवलं, हा त्यातला मुद्दा नाही.

दुसरा कागद जास्त मजेशीर. जुन्या गाड्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिव्हा. तिनं २०१२ मध्ये जुन्या गाड्या कशा जपाव्यात याची एक सनद मंजूर केली. तिचं नाव ‘तुरिन चार्टर’. होय, तेच तुरिन, टोपोलिनोचं जन्मगाव! जुन्या वास्तू जपण्यासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती, तिच्याच धर्तीवर ही. तिचा गाभा साध्या मराठीत असा : गाडीच्या वापराच्या काळात तिच्यात जे बदल झाले तेही तिच्या इतिहासाचा भाग आहेत. दुरुस्ती म्हणजे गाडी शोरूममधून आत्ताच आल्यासारखी चकाचक करणं नव्हे. आणि जे काही कराल त्याची नोंद ठेवा.

मी काकांना म्हटलं, “तुमच्या बाजूनं खुद्द तुरिन बोलतंय.”

दलालाची बाजूही मला नीट मांडली पाहिजे. त्याचं म्हणणं वेडेपणाचं नाही. बाजारात संग्राहकाला कारखान्यातून निघाली तशी गाडी हवी असते, आणि त्यासाठी तो जादा पैसे मोजतो. काकांना पैशांची गरजही आहे. नातीचं शिक्षण समोर आहे. ताडपत्री जपून फी भरता येत नाही. मी इतिहासाच्या गप्पा मारून घरी जाणार, निर्णय त्यांनाच घ्यायचाय.

पण एक हिशेब मी त्यांच्यापुढे ठेवला. टोपोलिनो जगात पाच लाखांवर बनल्या. इटालियन टप लावलेल्या, चकचकीत टोपोलिनो युरोपात हव्या तेवढ्या मिळतील. पनवेलच्या ताडपत्रीखाली बोरघाट चढलेली किती मिळतील? मूळ टप परत आणता येतं; पैसे टाकले की पार्सल येतं. हे टप एकदा फेकलं की परत येणार नाही.

काकांनी शेवटी काय केलं? गाडी अजून विकलेली नाही. त्यांनी एक वही केली आहे. एका पानावर एक भाग : कधी बदलला, कुणी बदलला, का बदलला. सोबत फोटो आणि सापडली तेवढी बिलं. काढलेले जुने भाग चिठ्ठी लावून एका पेटीत. दलालाला त्यांनी सांगितलं, “गिऱ्हाईक आण. गाडी, पेटी आणि वही एकत्र जाईल. टप बदलायचं असेल तर त्यानं स्वतः बदलावं, पण जुनं टप पेटीत ठेवीन असं लिहून द्यावं.” दलाल म्हणे बराच वेळ वही चाळत बसला होता.

मला हे उत्तर आवडलं. ‘ओरिजिनल’ म्हणजे पहिल्या दिवसाची गाडी, असं आपण धरून चालतो. पण गाडी एक दिवस जगते थोडीच? तुरिनचा आराखडा ओरिजिनल, कुर्ल्याच्या माणसांनी आवळलेले नट ओरिजिनल, आणि खोपोलीला उघडलेलं बॉनेटही तितकंच ओरिजिनल.

मंडळी, तुमच्या घरी, गोठ्यात, वाड्याच्या मागे एखादी जुनी गाडी, स्कूटर, ऑइल इंजिन काहीही पडलेलं असेल तर विकण्याआधी एवढं करा : घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिच्याशेजारी बसवा आणि आठवणी लिहून घ्या. गंज काढता येतो. विसरलेलं परत आणता येत नाही.

आणि हो, मीरा गाडी प्रत्यक्ष पाहिलेलं किंवा तिच्यात बसलेलं कुणी इचलकरंजी, कोल्हापूरकडचं ऐकत असेल, तर जरूर कळवा. पुढचा भाग तुमच्यावर करू. तोवर, भेटत राहू.